सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की…

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून मेन नावाचं राज्य आहे. तिथल्या डेन्मार्क नावाच्या जेमतेम हजारेक वस्तीच्या गावात एका बाईने २००३ मध्ये ७५,००० डॉलरचं कर्ज काढून छोटंसं घर घेतलं. अमेरिकेतल्या घरांच्या मानाने ही रक्कम किरकोळच. पुढे तिची नोकरी गेली, हप्ते थकले आणि २००९ मध्ये जवळच्या ब्रिजटन गावातल्या जिल्हा न्यायालयात तिच्यावर दावा दाखल झाला. दाव्यात नाव होतं फॅनी मे या अवाढव्य संस्थेचं. कागद हलवत होती जीएमएसी मॉर्गेज ही हप्ते गोळा करणारी कंपनी. त्या बाईचं नाव न्यायालयाच्या दप्तरात आहे, त्या काळच्या वर्तमानपत्रांतही आलेलं आहे, पण या पुस्तकात मी ते घेतलेलं नाही. हप्ते थकलेल्या माणसाच्या नावाची चर्चा पुरेशी झालेली असते. त्यात आपण भर घालायचं कारण नाही.

या दाव्यात वादीने समरी जजमेंट मागितलं. म्हणजे साक्षीदार नकोत, उलटतपासणी नको, सुनावणी नको. कागद बघा आणि निकाल द्या, कारण तथ्यांबद्दल वाद घालण्यासारखं यात काही शिल्लकच नाही. कर्ज घेतलं हे खरं, गहाणखत करून दिलं हे खरं, हप्ते थकले हेही खरं. मग साक्षी कशाला काढायच्या? वादीच्या अर्जासोबत एक प्रतिज्ञापत्र होतं. कंपनीच्या एका अधिकाऱ्याने त्यात शपथेवर सांगितलं होतं की, या कर्जखात्याची कागदपत्रं माझ्या ताब्यात आहेत, ती मी पाहिली आहेत आणि खाली लिहिलेल्या गोष्टी मला प्रत्यक्ष माहीत आहेत. खाली सही आणि नोटरीचा शिक्का. २०१० च्या सुरुवातीला न्यायाधीश कीथ पॉवर्स यांनी बहुतेक मुद्दे वादीच्या बाजूने निकालात काढले. नेमकी रक्कम किती, एवढाच प्रश्न बाकी ठेवला.

इथे थॉमस कॉक्स नावाचा वकील या कथेत येतो. निवृत्त झालेला, गरिबांना मोफत मदत देणाऱ्या संस्थेच्या कामाला हातभार लावणारा. पूर्वी, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, हाच माणूस बँकांकडून थकबाकीदारांवर दावे लावत असे, म्हणजे घर जप्त करण्याचं काम त्याला आतून ठाऊक होतं. त्याची नजर सहीखालच्या हुद्द्यावर अडकली. हुद्दा होता ‘लिमिटेड सायनिंग ऑफिसर’, म्हणजे सह्या करण्यापुरता अधिकारी. ज्याचं काम फक्त सह्या करणं आहे त्याला या घराची, या कर्जाची, या थकबाकीची ‘प्रत्यक्ष माहिती’ कशी काय असेल? कॉक्सने त्या अधिकाऱ्याची जबानी मागितली आणि जून २०१० मध्ये ती घेतली गेली. अधिकाऱ्याने सरळ उत्तरं दिली. सोबतची कागदपत्रं तो पाहत नव्हता. प्रतिज्ञापत्र पूर्ण वाचत नव्हता. सही करताना समोर नोटरी नसे. कागदांचा गठ्ठा नंतर नोटरीकडे जाई. फ्लोरिडातल्या एका प्रकरणात याच माणसाने आधी सांगितलं होतं की, महिन्याला असे सुमारे १०,००० कागद त्याच्या सहीने बाहेर पडतात. महिन्याचे बावीस कामाचे दिवस आणि दिवसाचे आठ तास धरले, तर मिनिटाला जवळपास एक सही होते. मध्ये चहाला उठायची सोय नाही.

ही जबानी बाहेर फुटल्यावर कंपनीने न्यायालयाकडे धाव घेतली, ती चूक कबूल करायला नव्हे, तर जबानी इतरांच्या हाती पडू नये म्हणून. पॉवर्स यांनी ते नाकारलं. २४ सप्टेंबर २०१० रोजी त्यांनी आपलाच आधीचा निकाल रद्द केला, प्रतिज्ञापत्र दुष्ट हेतूने दाखल केल्याचा ठपका ठेवला आणि प्रतिवादीच्या वकिलांचा खर्च कंपनीवर घातला. फ्लोरिडातल्या न्यायालयाने २००६ मध्येच याच दोषासाठी याच कंपनीचे कान उपटले होते, याची नोंदही त्यांनी केली. चार वर्षांत काही बदललं नव्हतं. बदलायचं कारणही नव्हतं, कारण कोणी विचारतच नव्हतं.

या निकालाच्या चार दिवस आधी जीएमएसीने तेवीस राज्यांतली घरजप्ती थांबवल्याचं जाहीर केलं होतं. त्याच महिन्याच्या शेवटी जेपी मॉर्गन चेसने आपली ५६,००० प्रकरणं रोखली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बँक ऑफ अमेरिकेने आधी तेवीस आणि मग पन्नासच्या पन्नास राज्यांत हात आखडता घेतला. कर्ज होतं ७५,००० डॉलरचं आणि त्याच्या मागच्या प्रतिज्ञापत्राने देशातल्या सगळ्यात मोठ्या बँकांचं यंत्र काही आठवडे अडवून धरलं.

हे पुस्तक त्या यंत्राबद्दल आहे. घर घेणारा हप्ता चुकवतो तेव्हा त्याच्याविरुद्धचा निकाल इतक्या झटपट कसा लागू शकतो, तो झटपटपणा कुठून आला, आणि तो कशाच्या जोरावर उभा असतो, हे मला समजून घ्यायचं होतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना वाचकाला माझ्याशी भांडता येईल. समरी जजमेंट ही मुळात वाईट गोष्ट नाही. जिथे खरोखरच वाद नाही तिथे माणसाला वर्षानुवर्षं तारखा देत बसवणं हा न्याय नव्हे, हे दिवाणी दाव्यांच्या तारखा मोजत म्हातारे झालेल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पण साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं न करता निकाल द्यायचा, तर त्याच्या जागी येणारा शपथेचा कागद खरा हवा. सगळा भार त्या एका कागदावर असतो. घरकर्जाच्या धंद्याने नेमका तोच कागद सगळ्यात स्वस्त करून टाकला.

हा जवळचा रस्ता घरांसाठी बांधलेलाच नव्हता. इंग्लंडच्या संसदेने १८५५ मध्ये हुंड्या आणि वचनचिठ्ठ्यांच्या वसुलीसाठी एक झटपट पद्धत आणली. व्यापाऱ्याने हुंडी स्वीकारली, मुदत भरली, पैसे दिले नाहीत. आता तो खोटंनाटं उत्तर देऊन वर्ष काढू लागला, तर समोरच्याचा धंदा बुडायचा. म्हणून कायद्याने सांगितलं की, आधी न्यायालयाची परवानगी काढा आणि मगच बचाव करा. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश ३७ हा याच घराण्यातला. मुंबईच्या कापड बाजारातल्या कितीतरी पेढ्यांना त्याची ओळख ‘समरी सूट’ या नावाने असते. या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: हुंडी ज्याच्या हातात तोच धनी, आणि ती हातात धरूनच तो न्यायालयात येणार. कागदच स्वतःची साक्ष देतो.

अमेरिकेत १९३८ मध्ये संघीय न्यायालयांसाठी दिवाणी दाव्यांचे नवे नियम लागू झाले. येल विद्यापीठातल्या कायद्याच्या शाळेचे डीन चार्ल्स क्लार्क हे त्यांचे मुख्य शिल्पकार. त्यांतल्या ५६ क्रमांकाच्या नियमाने हुंडीसाठीचा हा रस्ता जवळजवळ सगळ्याच दाव्यांना मोकळा केला. राज्यांनी आपापल्या नियमांत त्याची नक्कल केली. १९८६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकापाठोपाठ एक दिलेल्या तीन निकालांनी हा रस्ता आणखी रुंद केला. तरी एक अट कायम होती: प्रतिज्ञापत्र करणाऱ्याला त्या गोष्टी प्रत्यक्ष माहीत असायला हव्यात. ऐकीव माहिती चालणार नाही.

अट ठीक होती तोवर कर्ज देणारी बँक गावातलीच असे. कर्ज मंजूर करणारा कारकून, खतावणीत हप्ता मांडणारा कारकून आणि न्यायालयात शपथ घेणारा कारकून एकच, किंवा शेजारच्या टेबलावरचा. नव्वदच्या दशकापासून हे चित्र पालटलं. कर्ज देणारी कंपनी ते कर्ज आठवड्याभरात विकू लागली. विकत घेणारा हजारो कर्जांची मोट बांधून ती एका न्यासाच्या नावावर करी. त्या न्यासाचे रोखे गुंतवणूकदारांना विकले जात. हप्ते गोळा करायचं काम तिसऱ्याच कंपनीकडे. प्रत्येक विक्रीची नोंद तालुक्याच्या दप्तरात करायची तर फी भरावी लागे आणि वेळ जाई. म्हणून धंद्यातल्या बड्यांनी मिळून मर्स नावाची खासगी नोंदवही उभी केली. दप्तरात गहाणदार म्हणून कायम मर्सचं नाव राही आणि खरी मालकी आतल्या आत संगणकावर हलत राही. अशी कोट्यवधी कर्जं तिच्या नावावर चढली. आपल्याकडे दुय्यम निबंधक कार्यालयाला बगल देऊन बँकांनी आपसांत इंडेक्स टू लिहायला सुरुवात केली असती तर काय झालं असतं, याची कल्पना करून पाहावी.

मग हप्ते थकले, आणि प्रश्न आला की न्यायालयात जायचं कोणी? ऑक्टोबर २००७ च्या शेवटच्या दिवशी क्लीव्हलँडचे संघीय न्यायाधीश ख्रिस्तोफर बॉयको यांनी डॉइशे बँकेचे चौदा दावे एकाच आदेशाने फेटाळले. दावा दाखल करण्याच्या दिवशी ही कर्जं आपली होती, हे बँकेला दाखवता आलं नव्हतं. कर्जदारांनी पैसे दिले नव्हते, यात शंका नव्हती. पैसे कोणाला द्यायचे होते, ही शंका होती. ब्रुकलिनमध्ये आर्थर शॅक नावाचे न्यायाधीशही असेच एकेक कागद उलटून पाहत आणि बँकांच्या वकिलांना परत पाठवत. अशा न्यायाधीशांची चर्चा फार झाली, कारण ते थोडे होते.

बाकीच्यांचं काय चाललं होतं? फ्लोरिडाचं प्रकरण मी या पुस्तकात लांबवलेलं आहे आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. त्या राज्यात घरजप्तीचे दावे लाखोंच्या संख्येने साठले. २०१० मध्ये विधिमंडळाने ९६ लाख डॉलर मंजूर केले, निवृत्त न्यायाधीशांना परत बोलावलं आणि ढीग उपसण्याचं उद्दिष्ट ठरवून दिलं. एकेका प्रकरणाला काही मिनिटं मिळत. लोकांनी त्या न्यायालयांना ‘रॉकेट डॉकेट’ म्हणायला सुरुवात केली. न्यायाधीश वाईट होते असं मी म्हणणार नाही. उद्दिष्ट मोजणीचं असलं की माणसं मोजणीच करतात. एकीकडे कागद तयार करणारे कारखाने, दुसरीकडे कागद निकाली काढणारे कारखाने. जॉर्जिया राज्यातल्या डॉकेक्स नावाच्या कंपनीत एका कर्मचारी बाईचं नाव निवडलं गेलं, कारण ते लहान होतं आणि लिहायला सोपं. मग त्या नावाने अनेक हातांनी, अनेक वळणांत सह्या केल्या. कागदोपत्री ती एकाच वेळी अनेक बँकांची उपाध्यक्ष होती. त्या कंपनीच्या संस्थापिकेला २०१३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. या सगळ्या प्रकारात तुरुंगात गेलेली माणसं बोटांवर मोजता येतील.

इथे एक तपशील नीट समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढचं पुस्तक कळणार नाही. घरजप्तीच्या दाव्यांत बहुतेक प्रतिवादी न्यायालयात येतच नाहीत. समन्स आलं की ते घाबरतात, लाजतात, पाकीट ड्रॉवरमध्ये टाकतात. निकाल एकतर्फी लागतो. समरी जजमेंटची पाळी येते ती ज्याने निदान कैफियत दाखल केली त्याच्यावर. म्हणजे या झटपट निकालाने घर गमावणारा माणूस तुलनेने धीट असतो: तो आलेला असतो, त्याने लेखी उत्तर दिलेलं असतं, फक्त त्याला बोलायची वेळ येत नाही. त्याच्या कैफियतीत ‘मला मान्य नाही’ एवढंच असतं आणि कायदा म्हणतो की एवढं पुरत नाही. नेमकं काय मान्य नाही ते पुराव्यासह मांडा. हे वकिलाशिवाय कसं जमणार? वकिलाला द्यायला पैसे असते तर हप्ता थकला नसता.

आता सगळ्यांच्या ओठांवर असलेला प्रश्न. हप्ता थकला होता ना? मग सही कोणाची आणि नोटरी कुठे होता, याने काय फरक पडतो?

हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. बँका तेव्हा हेच म्हणत होत्या: कागद कोणी वाचला नसेल, पण त्यात लिहिलेलं खरंच होतं, घर चुकीच्या माणसाचं गेलेलं नाही. माझं उत्तर दोन पदरी आहे. पहिलं, काही ठिकाणी लिहिलेलं खरंही नव्हतं. आकड्यांत वकिलांचे, तपासणीचे, विम्याचे असे खर्च घुसडलेले असत की कर्जदाराला आपण नेमकं किती देणं लागतो तेच कळू नये. दुसरं आणि माझ्या लेखी मोठं: आकडा खरा आहे हे कळायचं कसं? ते कळण्यासाठी तर शपथ होती. न वाचता केलेली सही चुकून खरी ठरली, तर ती साक्ष होत नाही, तो योगायोग असतो. चेक वटला नाही म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्या सावकाराने स्वतः न वटणारी शपथ देऊ नये, ही मागणी फार नाही.

पण दुसऱ्या टोकाला जाणंही मला पटत नाही, आणि मेन राज्याचाच पुढचा इतिहास ते का पटत नाही हे दाखवतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये राहत्या घराच्या दाव्यात समरी जजमेंट हवं असेल तर काय काय सिद्ध करायचं याची आठ कलमी यादी दिली आणि ती काटेकोरपणे लावायला सुरुवात केली. २०११ मध्ये डेन्मार्कच्या त्या बाईचं प्रकरण त्यांच्यापुढे आलं. कंपनीला न्यायालयाच्या अवमानासाठीही शिक्षा व्हावी, अशी तिची मागणी होती. ती मान्य झाली नाही, पण तसल्या प्रतिज्ञापत्रांच्या प्रथेचा न्यायालयाने कडक शब्दांत धिक्कार केला. २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं की मर्सकडे फक्त नोंद करण्याचा अधिकार होता, गहाणाची मालकी नव्हती, त्यामुळे तिने करून दिलेलं हस्तांतर पुरेसं नाही. मग २०१७ मध्ये कळस झाला. एका दाव्यात बँकेची नोटीस कायद्यानुसार नसल्याने बँक हरली. न्यायालय म्हणालं, एकदा संपूर्ण कर्जाची मागणी करून हरलात, आता त्याच कर्जासाठी परत येता येणार नाही, गहाण मोकळं करा. म्हणजे नोटिशीतल्या दोषापायी आख्खं घर कर्जमुक्त. त्या कर्जदारांचा आनंद मी समजू शकतो. पण शेजारच्याने तीस वर्षं पोटाला चिमटा काढून हप्ते भरले, त्याला हे कसं समजावणार? जानेवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने आपली ही भूमिका बदलली: नोटीसच चुकीची असेल तर संपूर्ण कर्ज मागण्याचा हक्कच उत्पन्न झालेला नसतो, तेव्हा बँकेला दुरुस्त करून परत येऊ द्या. काहींना ही माघार वाटली. मला ती समज वाटते. कागद खोटा असेल तर निकाल नको, पण कागद खोटा म्हणून कर्जही खोटं ठरू नये. या दोन टोकांमध्ये न्यायालय कसं हेलकावत राहिलं, याची हकिकत दुसऱ्या भागात आहे.

फेब्रुवारी २०१२ मध्ये पाच मोठ्या कंपन्यांनी एकोणपन्नास राज्यं आणि संघीय सरकारशी सुमारे २,५०० कोटी डॉलरची तडजोड केली. आकडा मोठा आहे, बातम्याही मोठ्या झाल्या. २००८ ते २०११ या काळात ज्यांचं घर गेलं होतं आणि ज्यांनी अर्ज केला, त्यांच्या हाती पुढच्या वर्षी चेक आला. प्रत्येकी साधारण १,४८० डॉलर.

मराठी वाचकासाठी हे कशाला? एक कारण साधं आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून पार्सिपनीपर्यंत मराठी घरं आहेत, आणि न्यू जर्सी हे न्यायालयामार्फतच घरजप्ती करावी लागणाऱ्या राज्यांपैकी एक आहे. तिथल्या न्यायसंस्थेने डिसेंबर २०१० मध्ये सहा मोठ्या संस्थांना कारणं दाखवायला सांगितलं होतं: तुमच्या प्रतिज्ञापत्रांवर विश्वास का ठेवावा? व्हिसा, नोकरी आणि घराचा हप्ता एकाच दोरीला बांधलेल्या माणसाने हे माहीत करून घ्यावं. कॅलिफोर्निया किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे बहुधा न्यायालयाची पायरी न चढताच विक्री होते, आणि त्यावर एक छोटं प्रकरण पुरेसं वाटलं.

दुसरं कारण आपल्या दारातलं आहे. भारतात घरकर्ज थकलं की बँक समरी जजमेंट मागत नाही. तिला त्याची गरजच नाही. २००२ च्या सरफेसी कायद्याने तिला न्यायालयाबाहेरूनच वसुलीची वाट दिली: खातं एनपीए झालं की साठ दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. एके काळी गहाणाचा दावा लावायचा, प्राथमिक हुकूमनामा मिळवायचा, फेडीसाठी मुदत द्यायची, मग अंतिम हुकूमनामा, यात कर्जदाराची मुलं शाळेतून कॉलेजात जात. तो काळ गेला. सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो की नाही, हा वाद कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात मे २०२० मध्ये घटनापीठाने संपवला: येतो. म्हणजे तालुक्याला पतपुरवठा करणारी ओळखीची बँकही आता हीच नोटीस पाठवते.

कर्जदाराला दाद मागायला कर्जवसुली न्यायाधिकरण आहे, पंचेचाळीस दिवसांची मुदत आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्डिया केमिकल्सच्या निकालात, आधी मागणीच्या पंचाहत्तर टक्के रक्कम भरा आणि मगच दाद मागा ही अट रद्द केली नसती, तर तेही नावापुरतंच राहिलं असतं. पण माझं लक्ष कायद्याच्या कलम १४ वर आहे. कर्जदार घर सोडत नसेल, तर बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे जाते. २०१३ पासून या अर्जासोबत बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. त्यात नऊ गोष्टी शपथेवर सांगायच्या: कर्ज किती, येणं किती, तारण वैध आहे, खातं एनपीए झालं, नोटीस बजावली, कर्जदाराच्या आक्षेपांचा विचार करून उत्तर दिलं, वगैरे. दंडाधिकारी ते प्रतिज्ञापत्र पाहतात आणि आदेश देतात. तीस दिवसांत, फार तर साठ. वादाचा निवाडा करणं हे त्यांचं काम नाही, असं वरिष्ठ न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे. मग पोलीस बंदोबस्तात कुलूप लागतं.

म्हणजे पुन्हा सगळा भार एका शपथेच्या कागदावरच. अमेरिकेत, जिथे न्यायालयामार्फत जप्ती होते तिथे, निदान न्यायाधीश असतो आणि कॉक्ससारख्याला जबानी मागता येते. आपल्याकडे तो प्राधिकृत अधिकारी कर्जदाराला भेटतो तो बहुधा ताबा घ्यायच्या दिवशी. त्या नऊ मुद्द्यांचं प्रतिज्ञापत्र त्याने वाचून सही केली का, हे विचारायची जागा आपल्या व्यवस्थेत कुठे आहे? आहे, पण अरुंद आहे, आणि ती शोधण्यासाठीच तिसरा भाग लिहिला आहे. आपली बँक कर्ज देतानाच मूळ खरेदीखत स्वतःकडे ठेवून घेते, त्यामुळे अमेरिकेसारखा कागद हरवण्याचा घोळ इथे होत नाही, असा एक समज आहे. कर्ज फेडल्यावर तीस दिवसांत मूळ कागदपत्रं परत करा, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये द्या, हा नियम रिझर्व्ह बँकेला सप्टेंबर २०२३ मध्ये काढावा लागला, यावरून त्या समजाची किंमत ठरवावी.

भाडेकरूंचा प्रश्न, म्हणजे घरमालकाने कर्ज थकवलं आणि कुलूप भाडेकरूच्या दाराला लागलं, हा मी या पुस्तकात घेतलेला नाही. तो वेगळ्या पुस्तकाचा ऐवज आहे. बिल्डरने दोन बँकांकडे तारण ठेवलेल्या सदनिकांचाही नाही. पुस्तकाचे तीन भाग क्रमाने वाचायला हवेत असं नाही. अमेरिकेचा भाग गोष्टीसारखा वाचता येईल. मेनच्या निकालांचा भाग वकिलांना आवडेल आणि इतरांनी तो चाळला तरी चालेल. तिसऱ्या भागात कलम १४ चे ते नऊही मुद्दे एकेक करून घेतले आहेत, आणि प्रत्येकापुढे कर्जदाराने स्वतःच्या फाइलमधला कोणता कागद काढून ताडून पाहायचा ते लिहिलं आहे. ज्याच्या घरी नोटीस आधीच येऊन पडली असेल, त्याने ही प्रस्तावना इथेच सोडून थेट तिकडे जावं आणि नोटिशीला लेखी आक्षेप पाठवून त्याची पोच घ्यावी. साठ दिवस नोटिशीच्या तारखेपासून मोजले जातात.